पाच अनोळखी द्राक्षांची लाल वाईन : पहिल्यांदा चाखणाऱ्या नागपूरकरासाठी

मागच्या हिवाळ्यात भाचा लिस्बनहून सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्या बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळलेली लाल वाईनची एक बाटली होती. पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातली. मागच्या लेबलावर पाच द्राक्षांची नावं : तोरीगा नासिओनाल, तोरीगा फ्रांका, तिंता रोरीझ, तिंता बारोका, सोझाव. घरात एकालाही एक नाव धड वाचता येईना. धरमपेठेतल्या आमच्या हॉलमध्ये सहा जण बसलो, ग्लास भरले, आणि मेहुण्यांनी पहिला घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "कच्चं जांभूळ खाल्लं की जीभ कशी होते, तशी झाली ना बाप्पा!" सगळे हसले. मला मात्र त्या संध्याकाळचा सगळ्यात नेमका शेरा तोच वाटला.

वाईन चाखायला बसणाऱ्या नवख्याची भीती ठरलेली असते : बाकीच्यांना काहीतरी कळतंय आणि मला कळत नाही. कॅबरने किंवा शिराझ अशा ओळखीच्या द्राक्षाची वाईन समोर असली की कोणीतरी पाठ केलेलं उत्तर फेकतोच. अनोळखी द्राक्षांच्या मिश्रणात ती सोय नाही. तोरीगाचा वास 'कसा असायला हवा' हे सदरमध्येही कोणाला ठाऊक नाही आणि महालातही नाही. सगळे एका रेघेवर उभे. म्हणून माझ्याकडे नवीन माणूस आला की मी मुद्दाम अशीच बाटली उघडतो. त्याला एवढंच सांगतो की द्राक्षाचं नाव ओळखायच्या भानगडीत पडू नकोस. ग्लासात कोण काय काम करतंय ते शोध. रंग कोणी दिला, आंबटपणा कुठून आला, जीभ कोणी आवळली.

बाटली आणताना

नागपुरात 'वाईन शॉप' अशी पाटी असलेल्या दुकानात व्हिस्की, बियर, रम सगळं मिळतं. वाईन कोपऱ्यातल्या एका फळीवर, बऱ्याचदा धूळ खात उभी असते. ती फळी आधी नीट बघा. समोरून दुपारचं ऊन येत असेल किंवा वर दिवसभर बल्ब तापत असेल, तर तिथली बाटली घेऊ नका, किती का सूट असेना. बुचाची बाटली असेल तर वरचं आवरण हाताने चाचपून पाहा. बूच थोडं वर आलेलं किंवा मान चिकट लागली, तर समजा बाटली तापून गेली आहे.

पाच परदेशी द्राक्षांची बाटली इथे सहज हाती लागत नाही. बहुतेकांची येते ती कोणाच्या तरी सामानातून. विमानाने परदेशाहून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्क न भरता आणता येतं. पण हात बांधून बसायचं कारण नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला फ्रातेल्ली ही वाईन कंपनी सांजोव्हेसे हे इटलीचं द्राक्ष लावते आणि कॅबरनेसोबत त्याचं मिश्रणही करते. नाशिककडे टेम्प्रानिलोची लागवड झालेली आहे, आणि गंमत अशी की वरच्या यादीतलं तिंता रोरीझ म्हणजे हेच टेम्प्रानिलो. स्पेनची सीमा ओलांडून पोर्तुगालात आलं की त्याचं नाव बदलतं. आणखी दक्षिणेला पोर्तुगालच्याच आलेंतेजो भागात त्यालाच अरागोनेझ म्हणतात.

एक कायद्याची गोष्ट. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो, तो मागून घ्या. आणि बाटली गाडीत टाकून वर्धेच्या मित्राकडे 'बसायला' निघू नका. वर्धा आणि गडचिरोली दारूबंदीचे जिल्हे आहेत. मित्रालाच इकडे बोलवा, आणि रात्री मुक्कामाला ठेवून घ्या.

बाटली ठेवताना, आणि माझी एक घोडचूक

लाल वाईन 'रूम टेम्परेचरला' प्यावी, हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांच्या दगडी खोल्या १६ ते १८ अंशांच्या असत. आपल्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि कूलर लावूनही खोली तिशीच्या खाली येत नाही. त्या तापमानाला वाईनमधलं अल्कोहोल आधी नाकात शिरतं आणि बाकीचे वास मागे राहतात. औषध हुंगल्यासारखं वाटतं.

म्हणून सरळ फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमधून काढल्या काढल्या मात्र पिऊ नका. चार-पाच अंशांवर वास मुका होतो आणि तुरटपणा बोचरा लागतो. हिवाळ्यात अर्धा तास, उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवलेली पुरते. बाटलीला हात लावल्यावर माठातल्या पाण्याइतकी गार लागली की ओता. थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर माठ.

माझी चूक अशी. एका एप्रिलमध्ये मुंबईहून एक चांगली बाटली आणली आणि कामाच्या गडबडीत ती गाडीच्या डिकीत विसरलो. दोन दिवस. गाडी ऑफिससमोर उन्हात उभी. तिसऱ्या दिवशी काढली तर बूच बोटभर वर सरकलेलं आणि डिकीतल्या कार्पेटवर जांभळा डाग. तरी हट्टाने उघडली. ताज्या फळाचा मागमूस नाही. बोरकूट आणि करपलेल्या गुळाच्या पाकासारखा वास. तापलेली वाईन कशी लागते हे शिकायची ती भारी महागडी पद्धत होती. तुम्ही फक्त एवढं लक्षात ठेवा : उन्हाळ्यात वाईन सर्वांत शेवटी घ्यायची आणि घरी पोचल्यावर सर्वांत आधी उतरवायची.

बसण्यापूर्वी खोली

या बाबतीत आपल्या गावाच्या काही खास अडचणी आहेत. कूलरच्या ताट्या खसाच्या असतील तर खोलीभर खसाचा ओला, मातकट वास असतो. सुंदर असतो, पण वाईनमधला मातीचा वास आणि ताटीचा वास वेगळा काढता येणार नाही. चाखायच्या वेळेपुरता कूलर बंद ठेवा किंवा दुसऱ्या खोलीत बसा. उदबत्ती, अत्तर, स्वयंपाकघरातली फोडणी, हे सगळं आधी उरकलेलं बरं.

दुसरी अडचण खर्रा. तंबाखू आणि सुपारी तोंडात असताना कोणतीही वाईन चाखता येत नाही, कारण सुपारी स्वतःच तुरट. जीभ आधीच आवळलेली. तासभर आधी सोडायचा, खळखळून चूळ भरायची. मात्र खर्रेवाल्यांची एक जमेची बाजू आहे. वाईन चाखणारे जाणकार घोट गिळत नाहीत, भांड्यात टाकून देतात, आणि नवख्यांना ते नेमकं जमत नाही. आमच्याकडे काही जणांना ती कला उपजत आहे.

ग्लास काचेचा, बुडाशी रुंद आणि तोंडाशी थोडा आवळलेला असावा, म्हणजे वास आत कोंडतो. स्टीलचा पेला नको, रंग दिसत नाही. एका ग्लासात ५० ते ६० मिली पुरे. ७५० मिलीच्या बाटलीत बारा जणांचं भागतं. सोबत पाणी, साधा पाव किंवा मुरमुरे, आणि टाकायला एक लोटा.

ही पाच द्राक्षं आहेत तरी कोण

दोरूच्या जुन्या मळ्यांमध्ये एकाच उतारावर अनेक जातींच्या वेली मिसळून लावलेल्या असत, त्यांची द्राक्षं एकत्रच तोडली जात आणि एकत्रच दगडी हौदात तुडवली जात. आपल्याकडचा शेतकरी कापसात तुरीच्या ओळी टाकतो ना, तोच हिशेब : एक गेलं तरी दुसरं हाती लागतं. तिथला उन्हाळाही आपल्यासारखाच, चाळिशी ओलांडणारा; त्या खोऱ्याबद्दल म्हणच आहे की इथे नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. या खोऱ्याची हद्द १७५६ मध्येच आखून दिली गेली, वाईनसाठी अशी सरकारी हद्द ठरलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या भागांपैकी हा एक.

गोव्याची गोड 'पोर्ट वाईन' पिऊन ज्यांची सुरुवात झाली, त्यांनी इथे कान टवकारावेत. खरी पोर्ट याच खोऱ्यातली, याच द्राक्षांची. द्राक्षाची साखर अर्धवट आंबलेली असतानाच त्यात कडक मद्य ओततात, आंबणं थांबतं, गोडी शिल्लक राहते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. भाच्याने आणलेली बाटली मात्र कोरडी होती, म्हणजे साखर जवळजवळ सगळी आंबून गेलेली.

आता कामाची वाटणी. तोरीगा नासिओनालचे मणी बारीक आणि साल जाड, वेलीला माल कमी. रंग आणि तुरटपणा सालीत असतो, त्यामुळे ही मंडळी मिश्रणाचा कणा ठरतात, वर फुलांचा वासही यांचाच. तोरीगा फ्रांका दोरूत सर्वाधिक लावलं जाणारं. ते सुगंध देतं आणि नासिओनालची धार थोडी बोथट करतं. तिंता रोरीझ बांधा देतं. तिंता बारोका लवकर पिकून भरपूर साखर धरतं, म्हणून त्याच्यामुळे वाईन मऊ आणि अंगाने भरलेली लागते. फार उन्हात मात्र त्याचे मणी सुकतात, म्हणून ते जरा थंड उतारांवर लावतात. सोझाव म्हणजे गडद रंग आणि खणखणीत आंबटपणा. उष्ण प्रदेशातल्या द्राक्षात आंबटपणा लवकर उतरतो, तेव्हा असा एखादा आंबट गडी संघात लागतोच.

हे वाचून झालं की बाजूला ठेवा. चाखताना हा कागद समोर असला, तर जीभ कागदाचंच ऐकते.

पहिलं पाऊल : बघा

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरा. मधला भाग सोडा, कडेचा पातळ भाग बघा. कड जांभळी असेल तर वाईन तरुण. विटकरी किंवा तपकिरी झुकत असेल तर वय झालेलं. आमच्या बाटलीची कड शाईसारखी जांभळी होती आणि मधून पलीकडचं अक्षर दिसत नव्हतं.

बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर आतून पांढरटच असतो. साल रसात भिजते तेव्हा रंग उतरतो. पण काही जातींचा गरही लाल. जॉर्जियाचं सापेरावी तसं, फ्रान्समध्ये संकर करून काढलेलं अलिकांत बुशे तसं. आपल्याकडे पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राने काढलेलं मांजरी मेडिकाही त्याच पठडीतलं, पण ते रसासाठी. मिश्रणात असं एक द्राक्ष दहा टक्के जरी असलं, तरी सगळ्या ग्लासाचा रंग तेच ठरवतं. म्हणून नुसता गडद रंग पाहून 'वा, दमदार वाईन' असं म्हणू नका. रंग आणि दम यांचा संबंध असतोच असं नाही.

दुसरं पाऊल : वास

घाई करायची नाही ती इथे. आधी ग्लास न हलवता एकदा हुंगा. मग टेबलावर ठेवूनच तीन-चार वेळा गोल फिरवा आणि पुन्हा हुंगा. पहिल्या वेळी हलके वास येतात, फिरवल्यावर दडलेले. लांब श्वास ओढत बसू नका; दोन-तीन आखूड हुंगे बरे, कारण नाक फार पटकन सरावतं. सरावलं की आपल्याच मनगटाचा वास घ्या, नाक ताळ्यावर येतं.

पुस्तकी यादीत ब्लॅकबेरी, व्हायोलेट, सीडर असे शब्द असतात. आपण ती फळं खाल्लेली नाहीत आणि ती फुलं पाहिलेली नाहीत. त्यामुळे ते शब्द सोडून द्या आणि आपल्या घरचे घ्या : जांभूळ, करवंद, बोरकूट, चिंच, वाळलेली मोहफुलं, दगडफूल, लवंग, काळी मिरी, तंबाखूची पुडी, नवा पत्र्याचा डबा, पहिल्या पावसाची माती. शेजारच्या काकूंनी बराच वेळ ग्लासात नाक घालून विचारलं, "यात संत्र्याची साल कोणी टाकली?" कोणीच टाकली नव्हती. पण नागपुरात वाढलेल्या नाकाची ती दाद होती. तोरीगा नासिओनालमध्ये बर्गामॉटसारखा वास असतो असं जाणकार सांगतात, आणि बर्गामॉट म्हणजे संत्र्याचंच भावंड. अर्ल ग्रे चहाला त्याच्याच सालीचा वास असतो. हिवाळ्यात तुम्हीही हे करून पाहा : कळमन्याहून आणलेल्या संत्र्याची साल ग्लासाशेजारी बोटांनी दुमडून पिळा, हवेत बारीक तुषार उडतो, तो हुंगा, आणि लगेच ग्लास हुंगा. दोन्हींत सारखं काय, हे मग सांगावं लागत नाही.

स्वयंपाकघरातले आणखी दोन नमुने जवळ ठेवा. ढोबळी मिरचीची एक ताजी फोड : कॅबरनेच्या कुटुंबात, विशेषतः कमी पिकलेल्या द्राक्षात, अगदी हाच वास येतो, कारण रेणूच तो. चिलीमध्ये कित्येक वर्षं मर्लो म्हणून विकलं गेलेलं द्राक्ष मुळात कारमेनेर आहे हे १९९४ मध्ये उघड झालं, त्या द्राक्षात तर ढोबळी मिरची लपतच नाही. दुसरा नमुना कुटलेली काळी मिरी : शिराझमधल्या मिरीच्या वासामागचा रेणू मिरीतही असतो. साधारण पाचातल्या एकाला तो वास येतच नाही. तेव्हा शेजारी 'मिरी, मिरी' म्हणत असेल आणि तुम्हाला काहीच जाणवत नसेल, तर खोटं डोकं हलवू नका. तुमच्या नाकात ती खिडकीच नसेल कदाचित.

तिसरं पाऊल : घोट

छोटा घोट. तोंडभर फिरवा. मग ओठ थोडे उघडून, कढीचा भुरका मारतो तसा, आवाज करत थोडी हवा आत ओढा. लाजू नका, पंगतीत भुरका चालतो, इथे तर लागतोच. हवेमुळे वास घशामागून नाकात चढतो. आपण ज्याला चव म्हणतो तिचा बराचसा भाग हा वासच असतो. खात्री करायची असेल तर नाक दाबून बडीशेप चावा, मग नाक सोडा.

आता चार गोष्टी, आणि त्या वेगवेगळ्या वेळी येतात.

गोडी आधी. बऱ्याच जणांना फळाचा वास आला की वाईन गोड वाटते. नाक दाबून घोट घ्या. गोडी राहिली तर साखर, गेली तर तो वासाचा भास.

आंबटपणा नंतर, गालांच्या आत. मोजायची सोपी खूण म्हणजे लाळ. घोट टाकल्यावर तोंडाला पाणी सुटत राहिलं तर आंबटपणा भरपूर. आमच्या बाटलीत ते सुटलं. मी मनात ते सोझावच्या खात्यावर टाकलं, पण अंदाजानेच.

तुरटपणा, आणि इथे आपली मराठी भारी पडते. कितीतरी भाषांमध्ये या एका गोष्टीसाठी रोजच्या वापरातला शब्दच नाही, मग ते 'कोरडं', 'खरखरीत', 'पकडणारं' असं काहीबाही म्हणतात. आपल्याला आजीने आवळा, हरडा, डाळिंबाची साल, कच्चं केळं सगळं 'तुरट' म्हणून लहानपणीच शिकवलं. ही चव नव्हे, स्पर्श आहे : साल-बियांतलं टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, तोंडाचं वंगण जातं आणि जीभ दातांवर घासल्यासारखी होते. नेमकं कुठे होतं ते बघा. हिरड्यांवर, जिभेच्या मध्यावर, की गालांत? आणि कसलं? कच्च्या जांभळासारखं आवळणारं, आवळ्यासारखं शेवटी गोडावणारं, की उकळून उकळून काळ्या झालेल्या कोऱ्या चहासारखं कडवट? मेहुण्यांचं कच्चं जांभूळ हिरड्यांवर होतं. ते द्राक्षाच्या सालीचं, असा माझा कयास. कोऱ्या चहाच्या वळणाची कडवट बाजू बहुधा बियांकडून नाही तर वाईन मुरवायच्या लाकडी पिंपाकडून येते.

तुरटपणा ओळखायला जड जात असेल तर घरीच एक धडा घ्या. एक कप कोरा चहा दोन मिनिटं भिजवा, दुसरा दहा मिनिटं. दोन्ही साखरेशिवाय प्या. दुसऱ्यात चमचाभर दूध घाला. तुरटपणा बसतो, कारण टॅनिनला लाळेऐवजी दुधातली प्रथिनं सापडतात. लाल वाईनसोबत चीज का देतात, त्याचं उत्तरही याच कपात आहे.

चौथी गोष्ट ऊब. घोट टाकल्यावर घशाखाली किती गरम वाटतं? १४ टक्क्यांच्या वर गेलेली वाईन तिथे सापडते. आणि शेवटी मनात आकडे मोजा : चव कितीपर्यंत टिकली? पाचाच्या आत संपली तर साधी, पंधराच्या पुढे गेली तर काहीतरी आहे बुवा.

मिश्रण उलगडायचा खेळ

वर्षाचा मसाला कुटायला बसलेल्या बाईला विचारा, दगडफुलाची चव कशी असते? नुसतं दगडफूल तोंडात घातलं तर थुंकून टाकाल. पण मसाल्यात ते नसलं, तर रस्सा तोंडात घातल्या क्षणी घरातला म्हातारा माणूस म्हणतो, काहीतरी कमी आहे. मिश्रणातलं द्राक्ष असंच कळतं, असण्यापेक्षा नसण्याने.

हे हाताने करून बघता येतं, आणि पाच अनोळखी द्राक्षांची गरजही नाही. इथे मिळणाऱ्या तीन वेगवेगळ्या एका जातीच्या लाल वाईन घ्या; कॅबरने, शिराझ आणि सांजोव्हेसे किंवा टेम्प्रानिलो. खोकल्याच्या औषधासोबत येतो तो मापाचा छोटा कप घ्या, स्वच्छ धुऊन. तिन्ही आधी सुट्या चाखा. मग एका ग्लासात तीन माप कॅबरने, एक माप शिराझ. दुसऱ्यात दोन-दोन. तिसऱ्यात पहिल्या ग्लासाचंच मिश्रण, वर अर्धं माप तिसरी वाईन. तिसऱ्या ग्लासाकडे नीट लक्ष द्या. अर्ध्या मापाने, म्हणजे सगळ्याच्या जेमतेम नवव्या हिश्श्याने, किती फरक पडतो ते बघून बहुतेक जण चकित होतात. फ्रान्समधल्या बोर्दो भागात पेती व्हर्दो नावाचं उशिरा पिकणारं द्राक्ष रंग आणि तुरटपणासाठी असंच चिमूटभर वापरतात. आणि फ्रान्समधल्याच कोत-रोतीत तर लाल शिराझमध्ये, म्हणजे तिकडच्या नावाने सिराह्‌मध्ये व्हिओन्ये हे पांढरं द्राक्ष सोबतच आंबवायची मुभा आहे, २० टक्क्यांपर्यंत. त्याने वास फुलतो आणि रंगही टिकतो. तिथल्याच रोन नदीच्या खोऱ्यात, दक्षिण भागातल्या शातोनफ-द्यू-पापच्या परंपरेत तेरा जाती मोजतात, त्यातही पांढऱ्या आहेत.

हा खेळ खेळून मग मूळ बाटलीकडे परत या. पहिल्या वेळी एकसंध वाटलेल्या घोटात तुम्हाला सांधे दिसू लागतील : सुरुवातीला फुलांचा वास कोणी आणला, मधला मऊ भराव कोणाचा, शेवटी जीभ कोण आवळतंय. सांधे दिसलेच नाहीत तर वाईन करणाऱ्याने काम चोख केलं, असंही म्हणता येतं.

सोबत खायला काय

सावजी नको. मी सावजीचा भक्त आहे, पण त्या तर्रीबरोबर तुरट लाल वाईन म्हणजे आगीत रॉकेल. मिरचीची जळजळ अल्कोहोलने वाढते, तुरटपणा दुप्पट वाटतो, आणि बिचाऱ्या तोरीगाचा काही पत्ताच लागत नाही. तिखट खायचंच असेल तर चाखून झाल्यावर.

चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, मिरची बेताची आणि वरून जवसाचं तेल. हे फार चांगलं जातं, धुराचा वास पिंपाच्या वासाला धरून राहतो. मीठ लावून भाजलेले शेंगदाणे, पनीर, कमी तिखटाचं सुकं मटण. सांबारवडीही चालते, आतलं सारण जपून केलं तर. मीठ आणि चरबी दोन्ही तुरटपणा बोथट करतात, एवढं सूत्र पुरे. संत्रा बर्फी मात्र टेबलावरून उचला : गोड खाल्ल्यावर कोरडी वाईन आंबट-कडू लागते. पाहुण्यांना खरं वाटत नसेल तर एक तुकडा देऊनच बघा.

दुसरा दिवस

बाटली एका बैठकीत संपवायची नाही. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा चाखा. दोन-तीन दिवस ती ठीक राहते. हवेने तुरटपणा थोडा निवळलेला असतो, फुलांचा वास मात्र बऱ्याचदा गेलेला. आमच्या बाटलीत दुसऱ्या दिवशी संत्र्याची साल नव्हती, जांभूळ होतं, आणि आदल्या दिवशी कोणालाच न आलेला दगडफुलाचा वास वर आला होता. कालचा शेरा आणि आजचा शेरा शेजारी शेजारी लिहून ठेवा. तारीख, खोली किती गरम होती, काय खाल्लं होतं, हेही. आमच्या वहीत मेहुण्यांचं 'कच्चं जांभूळ' पहिल्या ओळीवर आहे.

ग्लास धुताना एक गोष्ट दिसेल. तळाशी राहिलेल्या थेंबांवर नळाचं पाणी पडलं की लाल रंग एकदम निळसर-करडा होतो. साबण लागला की आणखीच. आमच्या घरी पहिल्यांदा हे झालं तेव्हा बायकोने ग्लास उजेडात धरून विचारलं, "यात काय भेसळ होती का?" भेसळ नाही. सालीतला रंग आंबटात लाल राहतो आणि आंबटपणा गेला की निळ्याकडे झुकतो. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळं होतं, त्याच्या बरोबर उलट. तिने मग दुसऱ्या ग्लासातल्या थेंबांवर मुद्दाम लिंबू पिळून पाहिलं, आणि ते लाल झाले.